धुतलेला डबा

मी तपासनीस आहे आणि स्वभावाने खडूस आहे. यातलं आधी काय आलं ते वहिनीला विचारावं, ती मला माझ्या अकराव्या वर्षापासून ओळखते. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी पाचवीत होतो. दिराला भाऊजी म्हणायचं हे तिला कुणीतरी शिकवून पाठवलं होतं, पण नाक पुसत उभ्या असलेल्या पोराला अहोजाहो करायला तिची जीभ वळेना. तेव्हापासून आजपर्यंत ती मला 'भाऊजी' म्हणते आणि 'तू' म्हणते. माझा ताप, माझ्या परीक्षा, माझे फाटलेले खिसे, सगळं तिनेच निस्तरलं. दादा जाऊन आठ वर्षं झाली. त्यांना मूल नाही, आणि माझ्या जिभेच्या धाकाने मला कुणी हो म्हटलं नाही. घरात आम्ही दोघंच.

गेल्या वर्षी वहिनीला आतड्याचा कॅन्सर निघाला.

त्या सुमारास आमच्या आरोग्य कार्यालयाने नवीन योजना काढली होती. कॅन्सरच्या रोग्याला डॉक्टरांनी औषधासारखंच ताजं अन्न लिहून द्यायचं आणि त्याचा सगळा भार सरकारी आरोग्य योजनेने उचलायचा. रोज सकाळी चार कप्प्यांचा स्टीलचा डबा दारात यायचा: भाज्या, फळं, अंडं, दही, पाव, जे डॉक्टरांनी सांगितलं असेल ते. आदल्या दिवशीचा डबा घेऊन गाडी परत जायची. योजना आली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. सरकारने आता लोकांना गाजरं किसून द्यायची का, असं कँटीनमध्ये चार लोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो होतो. चार महिन्यांत वहिनीचंच नाव यादीत आलं आणि मी मूग गिळून बसलो.

वहिनी डबा संपवायची. संध्याकाळी मी घरी यायचो तेव्हा तो ओट्यावर पालथा घातलेला असायचा, घासून लख्ख, आत चेहरा दिसावा असा. "सगळं संपलं?" मी विचारायचो. "संपलं की. छान होतं," ती म्हणायची. मला बरं वाटायचं. पण वजन काही ऐकेना. सेहेचाळीस किलोचं बेचाळीस झालं, बेचाळीसचं एकोणचाळीस. डॉक्टरांनी कागदांवरून मान वर केली आणि म्हणाले, "सगळं खातात म्हणता, मग जातं कुठे? चाळीसच्या खाली मी केमोचा पुढचा डोस देणार नाही. यांना तो झेपणार नाही. तीन आठवडे आहेत तुमच्याकडे."

त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी मला बोलावलं.

योजनेची नऊ स्वयंपाकघरं होती. दर महिन्याला प्रत्येकाकडून एक तक्ता यायचा, त्यात एक रकाना 'शिल्लक अन्न' असा. आठ स्वयंपाकघरांची शिल्लक शेकडा दोन, तीन, फार तर चार. सात नंबरची शेकडा एकतीस. "एक तृतीयांश अन्न परत येतंय," साहेब म्हणाले. "एक तर तिथे स्वयंपाक वाईट होतो, नाहीतर लोक माजलेत. तीन आठवड्यांत अहवाल द्या. ते बंद करून त्यांच्या रोग्यांना पावडरीचे डबे चालू करू. पावडर नासत नाही, परतही येत नाही."

मी म्हणालो, "साहेब, माझ्या वहिनीचा डबा सात नंबरमधूनच येतो. नियमाने ही तपासणी मी करू नये."

"नियम मलाही पाठ आहेत," साहेब म्हणाले. "माणसं कुठून आणू? तसं अहवालात लिहा आणि जा."

मी गेलो ते ठरवूनच गेलो होतो. आमच्या घरची शिल्लक शून्य होती. त्याच स्वयंपाकघराचं अन्न एक आजारी बाई रोज चाटूनपुसून संपवते, मग बाकीच्यांना काय धाड भरली? लोकांना फुकटच्या गोष्टीची किंमत नसते, हे माझं जुनं मत. ते मी घरी जेवताना बऱ्याचदा ऐकवायचो.

सात नंबर म्हणजे इस्पितळाच्या मागच्या गल्लीतली एक लांबट, बुटकी इमारत. पूर्वी तिथे इस्पितळाचे कपडे धुवायचे, त्यामुळे भिंतींना अजून सोड्याचा वास होता. एका टोकाला शेगड्या, मधे चिरायच्या फळ्या, आणि दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी एक मोठं पांढरं टेबल. त्या टेबलाशी साठीची एक बाई उभी होती. पदर खोचलेला, नाकावर घसरलेला चष्मा, हातात लांब दांड्याचा चमचा. ही सात नंबरची प्रमुख. आधी तीस वर्षं ती इस्पितळाच्या फाटकासमोर भाजी-फळांची गाडी लावायची, म्हणून लहानथोर तिला भाजीवाली मावशीच म्हणायचे.

मी ओळखपत्र दाखवलं. तिने ते चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "साहेब, स्टूल घ्या. तेवढे साठ डबे होऊ देत, मग काय फाडून खायचंय ते खा."

गाडी नुकतीच परतली होती. आदल्या दिवशीचे डबे टेबलावर ओळीने लावलेले. समोरच्या भिंतीवर साठ कार्डं टांगलेली, प्रत्येकावर नंबर. मावशीने पहिला डबा उघडला. मला वाटलं आता उरलेलं बादलीत जाणार. पण ती वाकली आणि डब्यात बघतच राहिली, आपण पत्र वाचतो तशी. चमच्याने एक गाजर उलटं केलं, पावाचा तुकडा उचलून उजेडात धरला.

"पाच नंबर," ती शेजारी लिहायला बसलेल्या मुलीला म्हणाली. "मऊ खाल्लंय, कडा टाकल्यात. काल असं नव्हतं. तोंड आलंय त्यांचं. आज पाव नको, दुधात भिजवून काहीतरी. आणि दवाखान्यात कळव."

दुसरा डबा. "गाजरं दाबून दाबून सोडलीत. चावायचा कंटाळा नाही, हातात जोर नाही. उद्यापासून कुस्करून." तिसऱ्यात केळं अर्धं उरलं होतं. तिने त्याची कड पाहिली. "हे चावलेलं नाही, सुरीने कापलंय. म्हणजे कुणीतरी भरवायला लागलंय. कालपर्यंत बाबा स्वतः खात होते. घरी फोन लाव."

मी हातातली वही मिटली. असं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. शितावरून भाताची परीक्षा ऐकून माहीत होती, ही बाई शितावरून माणसाची करत होती.

अठरा नंबरचा डबा आतून बोटांनी निपटलेला होता, कोपऱ्यातला रससुद्धा. मी म्हणालो, "यांनी तरी संपवलं." मावशीने माझ्याकडे दयेने पाहिलं. "साहेब, केमो चाललेलं माणूस बोटं चाटत नाही. हे पोरांनी खाल्लंय. तिला दोन लहान आहेत. ती घास उचलते आणि पोरं तोंडाकडे बघत बसतात, मग कुठली आई खाईल?" मग ती मुलीला म्हणाली, "अठराचा डबा उद्यापासून पोरं शाळेत गेल्यावर जाऊ दे. गाडीवाल्याला सांग, शेवटी जा, कुरकुर करू नकोस."

मी विचारलं, "हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"गिऱ्हाइकांनी. फाटकासमोर गाडी होती ना माझी. नातेवाईक रोज मोठ्या हौसेने फळं घेऊन जायचे, आणि संध्याकाळी इस्पितळाच्या कचऱ्यात तीच फळं दिसायची. एखाद्याला एक दात लावलेला, एखाद्याची नुसती साल नखाने ओरखडलेली. घरच्यांना वाटायचं, पेशंट खातोय. कचरा कधी खोटं बोलत नाही, साहेब. माणसं बोलतात, तीही प्रेमापोटी."

शेकडा एकतीस शिल्लक कुठून येते हे मला कळलं. बाकीची आठ स्वयंपाकघरं धुऊन आलेला रिकामा डबा मोजत होती. ही बाई लोकांना सांगत होती की उरलेलं टाकू नका, आहे तसं परत पाठवा. वाया सगळीकडेच सारखं जात असणार. इथे ते दिसत होतं एवढंच.

शेवटी चार डबे उरले. ते तिने उघडलेच नाहीत. खिडकीच्या फळीवर पालथे ठेवून दिले.

"आणि हे?"

"हे धुऊन आलेत," मावशी म्हणाली. "पहिल्या महिन्यात सगळेच धुऊन पाठवतात. भली माणसं असतात, उष्टं भांडं कसं पाठवायचं म्हणतात. मी घरोघरी निरोप देते, मग हळूहळू सोडतात. हे चार जण काही ऐकत नाहीत. यांचं मला काही कळत नाही बघा. साठांतले छप्पन्न रोज माझ्याशी बोलतात, हे चार तोंड उघडत नाहीत. आणि नेमकी यांचीच मला रात्री झोपताना काळजी लागते."

एका डब्याच्या तळाला बारीक पोचा होता. तो पोचा माझ्या हातून पडला होता, ओट्यावरून उचलताना. मी भिंतीपाशी जाऊन त्रेचाळीस नंबरचं कार्ड शोधलं. त्यावर लिहिलं होतं: 'चौदा आठवडे धुऊन. चारदा निरोप दिला. उत्तर एकच, सगळं संपलं, छान होतं. वजन उतरतंय. काही कळत नाही.' त्याखाली एक ओळ होती, 'आवड'. तिच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"मावशी," मी म्हणालो, "त्रेचाळीस माझं घर आहे."

ती हसली नाही, टोमणाही मारला नाही. मी तिच्या जागी असतो तर दोन्ही केलं असतं. तिने पदराला हात पुसले आणि विचारलं, "मग तुम्हीच सांगा की. वहिनींना काय आवडतं?"

मी कार्डावरच्या त्या रिकाम्या ओळीकडे पाहिलं. बेचाळीस वर्षं तिच्या हातचं जेवलो. माझ्या आवडीनिवडी तिला झोपेतही सांगता येतील. ती मात्र नेहमी शेवटी बसायची आणि जे उरलं असेल ते खायची. तिला काय आवडतं हे मी कधी विचारलं नव्हतं, दादाने विचारलं असेल तर मला माहीत नाही.

मी त्या दिवशी दुपारी एक वाजताच घरी गेलो. किल्लीने दार उघडलं. वहिनी ओट्यापाशी उभी होती. डब्यातलं चमच्याने खरवडून वर्तमानपत्रावर काढत होती, सगळंच्या सगळं, आणि पुडीच्या घड्या घालत होती नीट, कपड्यांच्या घालते तशा. मला पाहून तिचा हात थांबला.

"आज लवकर?" ती म्हणाली.

"किती दिवस चाललंय हे?"

नळ सोडून तिने डबा पाण्याखाली धरला, जणू एवढं झालं की प्रश्न मिटला. मी पुढे होऊन नळ बंद केला. माझा आवाज चढला असावा, कारण ती भिंतीकडे सरकली. भांडी घासून घासून तिचे खांदे आधीच उतरलेले, आजाराने अजून उतरले होते. त्या खांद्यांवर गाऊन लोंबत होता.

"वहिनी, तुला खायला होत नाही हे सांगायचं ना मला."

"तू रागावला असतास."

"मी का रागावेन?"

"तूच म्हणालास," ती म्हणाली. "जेवताना. एकदा नाही, रोज. लोक सरकारचं ताजं अन्न टाकतात, अशांची नावं यादीतून काढली पाहिजेत, माझ्या हातात असतं तर उद्या डबा बंद केला असता. तुझ्याच कार्यालयाचा डबा. मी उरवला असता तर तुझी मान खाली गेली असती." मग ती म्हणाली, "मी प्रयत्न करते रे भाऊजी. सगळ्यातलं थोडंथोडं तोंडात घालते. लोखंड चघळल्यासारखं लागतं. वास आला की पोटात ढवळतं. तू एवढी खटपट करून नाव घातलंस, कसं सांगू?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात तो कोरडा पाषाण मीच होतो. साठ घरांची शिल्लक शोधायला निघालो होतो, आणि माझ्याच घरात एक बाई माझ्या जिभेच्या भीतीने चौदा आठवडे उपाशी राहून डबा घासत होती. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. मी खुर्चीवर बसलो आणि तिला म्हणालो, "माझं चुकलं." हे दोन शब्द मी तिला पहिल्यांदाच बोललो असेन, कारण तिने कपाळाला हात लावून मला ताप आहे का पाहिलं.

वर्तमानपत्रातलं सगळं परत डब्यात घालून तो तसाच मी संध्याकाळी मावशीकडे नेला आणि वहिनी म्हणाली ते सगळं तिला सांगितलं. वहिनीने दारापर्यंत दोनदा अडवलं. "निदान कडा तरी पुसू दे," म्हणत होती.

मावशीने डबा खिडकीपाशी नेला. कालवलेलं होतं, पण तिला तेवढंही पुरलं. "दही खाल्लंय बघा," ती म्हणाली. "चौथ्या कप्प्यात दही होतं, त्याचा थेंब नाही. बाकी सगळ्याला एकेक चमचा लागलाय. म्हणजे बाई हट्टी आहे, प्रत्येक पदार्थाशी लढून बघते. गरम होतं ते सगळं हरलंय, गार तेवढं आत गेलंय. लोखंडाची चव म्हणाल्या ना? आधी स्टीलचा चमचा बंद. लाकडी देते. डबाही काचेचा देते. सगळं गार, वास नसलेलं, आणि एका वेळी चार घास. सहा वेळा. चार घासांना कुणी घाबरत नाही."

"आणि आवड?"

"ती त्यांनाच शोधू दे. मी रोज दोन वेगळी फळं घालते. न आवडलेलं तसंच पाठवायचं, एवढं सांगा. आम्हाला लाज वाटत नाही."

वहिनीला लाज सोडायला पाच दिवस लागले. पहिल्या दिवशी डबा अर्धा उरला आणि ती संध्याकाळभर माझ्याकडे बघायचं टाळत होती. मी मुद्दाम उरलेलं मोजायला बसलो आणि म्हणालो, "वा, पपईला अजिबात हात लावला नाहीस, शाब्बास." ती खुदकन हसली. तिसऱ्या दिवशी मावशीने कार्डाची नक्कल पाठवली, तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात: 'पपई नाही. बीट नाही. अंड्यातलं पिवळं नाही. नासपती किसून गार, संपली.' वहिनीने ते दोनदा वाचलं. "अगं बाई," ती म्हणाली, "मला नासपती आवडते."

मग ती बोलायलाच लागली. साठ वर्षांत साठवलेली नावड बाहेर येत होती. तिला भोपळा कधीच आवडला नव्हता. दादाला आवडायचा म्हणून आठवड्यातून दोनदा आमच्या घरी भोपळा व्हायचा. तिला चहा कडक लागायचा, आम्हाला फिका लागतो म्हणून ती फिका प्यायची. मी रोज संध्याकाळी ऐकत होतो आणि दर वेळी चाट पडत होतो. वहिनी कष्टाळू आहे हे मला माहीत होतं. ती एवढी शूर आहे हे माहीत नव्हतं. तोंडात लोखंडाची चव घेऊन दिवसातून सहा वेळा चार घासांपुढे बसायचं, आणि उलटी झाली तर तोंड धुऊन पुन्हा बसायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मला जमलं नसतं. मला तर जेवण उशिरा आलं तरी चालत नाही.

तीन आठवडे झाले. वजन करायच्या दिवशी आम्ही इस्पितळात गेलो. रांग मोठी, नर्स घाईत. वहिनी काट्यावर चढली. नर्सने आकडा वाचला, "चाळीस किलो शंभर ग्रॅम," आणि लिहिला. डॉक्टरांच्या खोलीकडे हात करून म्हणाली, "जा, डोस मिळेल."

माझा जीव भांड्यात पडला. मी वहिनीचा हात धरला आणि चालू लागलो. ती चार पावलं आली आणि थांबली. खाली पाहिलं, आणि वळून परत गेली.

"ताई," ती नर्सला म्हणाली, "माझ्या पायात चपला होत्या."

मी म्हणालो, "वहिनी, चल."

"चपलांसकट झालं ते. परत करा."

नर्सने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. वहिनीने भिंतीला हात टेकून एकेक चप्पल काढली आणि अनवाणी काट्यावर चढली. एकोणचाळीस आठशे.

डॉक्टरांनी डोस चार दिवस पुढे ढकलला. बाहेर येईपर्यंत मी दात आवळून होतो, बाहेर आल्यावर सुटलो. "दोनशे ग्रॅमसाठी डोस लांबवलास! त्या चपलांचं औषधाला कळणार होतं का? कुणी विचारलं होतं तुला?"

मागच्या महिन्यात ती भिंतीकडे सरकली असती. आता ती जिन्याच्या पायरीवर बसली, कारण दम लागला होता, आणि शांतपणे म्हणाली, "औषध मला झेपायचंय भाऊजी, चपलांना नाही. मी चौदा आठवडे सगळं संपलं म्हणत होते, त्यात वजन गेलं. आता परत खोटं लिहून घेऊ?"

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. लोक आमच्या बाजूने वर-खाली जात होते. तिने पिशवीतून काचेची डबी काढली, अकरा वाजले होते, तिच्या चार घासांची वेळ झाली होती. ती तिथेच बसून सावकाश खाऊ लागली.

त्या संध्याकाळी मी अहवाल लिहायला बसलो. दोन पानं तयार होती. सात नंबरमध्ये नासाडी जास्त नाही, फक्त ती खरी नोंदवली जाते, बाकी आठ ठिकाणी डबे धुऊन येतात आणि रोगी काय खातो ते कुणाला कळत नाही, ताजं अन्न देऊन योजना अर्धंच काम करते, उरलेलं अर्धं ते परत आल्यावर बघण्यात आहे. हे सगळं लिहिलं होतं. उदाहरण म्हणून 'एका घरी असं आढळलं' असंही लिहिलं होतं. मला पायरीवर बसून खाणारी वहिनी आठवली. मी 'एका घरी' खोडलं आणि लिहिलं, 'तपासनीसाच्या स्वतःच्या घरी'. आणि त्यापुढे, रोगी अन्न का लपवत होती त्याचं कारणही लिहिलं. माझं नाव घालून लिहिलं.

मोठ्या साहेबांनी अहवाल वाचला, पान उलटलं, परत मागे आले. "हे घरचं कशाला लिहिलंत? उगाच शोभा. काढून टाका, बाकी बरं आहे."

"राहू द्या साहेब," मी म्हणालो. "ते काढलं तर बाकीचं कुणाला पटणार नाही."

त्यांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुमची मावशी इतर आठ ठिकाणी शिकवायला जाईल का?" पावडरीचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही, पण तो कायमचा मिटला असं मी म्हणणार नाही. कार्यालयात काही कायमचं मिटत नाही.

मी मावशीला विचारलं तेव्हा ती डबेच बघत होती. "जाईन की," ती म्हणाली. "पण दुपारनंतर. सकाळी माझी माणसं बोलायला येतात."

चौथ्या दिवशी आम्ही परत वजनाच्या रांगेत होतो. त्या चार दिवसांत वहिनीने एकही जेवण चुकवलं नव्हतं. दोनदा उलटी झाली होती, दोन्ही वेळा तिने पुन्हा खाल्लं होतं. मावशीने आदल्या दिवशीच्या डब्यात चिठ्ठी टाकली होती: 'दमू नका. नाही झालं तर पुढचे चार दिवस आहेतच.' ती चिठ्ठी वहिनीच्या मुठीत होती.

नंबर आला. नर्सने तिला ओळखलं आणि स्वतःच वाकून तिच्या चपला बाजूला सरकवल्या. वहिनीने चष्मा काढून माझ्याकडे दिला. मग हातातली बांगडी काढून दिली. मग मुठीतली चिठ्ठीही दिली, कागदाचं वजन नको म्हणून. हलक्या पावलांनी काट्यावर चढली आणि डोळे मिटून उभी राहिली. मला आकडा दिसत होता, तिला दिसत नव्हता. नर्सने वाकून आकडा नीट पाहिला. तिने काटा शून्यावर आणून वहिनीला पुन्हा एकदा चढायला सांगितलं.

"चाळीस किलो पन्नास ग्रॅम," नर्स म्हणाली.

"अनवाणी?" वहिनीने डोळे मिटूनच विचारलं.

"अनवाणी, आजी."

वहिनीने डोळे उघडले आणि आधी माझ्याकडे पाहिलं. मी रडत होतो. रांगेतले सगळे बघत होते, आणि मी तोंड फिरवलं नाही.